प्राचीन अमेरिकेचे श्रेय तिथल्या माणसांनाच

मेक्सिको किंवा ग्वाटेमालातील एखाद्या पायऱ्यापायऱ्यांच्या देवालयाचे छायाचित्र, त्याच्या शेजारी तमिळनाडूतील एखादे गोपुर, आणि खाली निष्कर्ष: माया लोक म्हणजे मयासुराचे वंशज, अमेरिका म्हणजे आपल्या पुराणांतील पाताळ, तिथली नगरे उभारली ती आपल्या पूर्वजांनी. हा मजकूर ठरावीक काळाने पुन्हा फिरू लागतो आणि त्याबरोबर ठरलेला वादही सुरू होतो. एक बाजू अभिमानाने छायाचित्रांची भर घालत राहते. दुसरी बाजू टवाळी करते, आणि टवाळीपलीकडे गेलीच तर ‘पाश्चात्त्य संशोधकांनी हे कधीच खोडून काढले आहे’ एवढे सांगून थांबते. हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या पद्धतीने लढवला जात आहे, असे माझे मत आहे. दोघांच्याही बोलण्याचा विषय भारत हाच असतो, म्हणजे भारत किती थोर होता किंवा भारतीय माणूस किती भोळा आहे. ज्यांनी ती देवालये बांधली, ज्यांनी मका घडवला, ज्यांनी शुक्राच्या उदयास्ताची कोष्टके मांडली, ती माणसे या संपूर्ण चर्चेत कुठेच नसतात. माझी भूमिका प्रथमच स्पष्ट करतो. अमेरिका खंडांतील प्राचीन संस्कृती तिथल्याच लोकांनी, तिथल्याच भूमीवर घडवल्या. त्यांचे श्रेय बाहेरच्या कुणाला देणे ही तथ्याची चूक तर आहेच, पण जिवंत समाजांवरचा अन्यायही आहे, आणि तो अन्याय करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

विरोधी बाजूचे म्हणणे दुबळे करून मांडण्यात अर्थ नाही. पहिली गोष्ट, या विषयातील अधिकृत मत पूर्वी सपशेल चुकलेले आहे. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीच्या, क्लोव्हिस नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी टोकांच्या भाल्यांचे कर्ते हेच अमेरिकेतील पहिले लोक, हे मत विसाव्या शतकात इतके पक्के रुजले होते की त्याहून जुना पुरावा घेऊन येणाऱ्या संशोधकाकडे संशयाने पाहिले जाई. चिलीतील मोन्ते व्हेर्दे येथील साडेचौदा हजार वर्षांपूर्वीची वस्ती मान्य व्हायला दोन दशके लागली. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे वाळलेल्या सरोवराच्या काठी उमटलेली माणसांची पावले एकवीस ते तेवीस हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सगळे कालपट पुन्हा मांडावे लागले. दुसरी गोष्ट, कोलंबसाच्या आधी महासागर कुणीच ओलांडला नाही, हेही खरे नाही. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातील व्हायकिंग, दर्यावर्दी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर पोहोचले होते, आणि तिथे त्यांनी तोडलेल्या लाकडांच्या वलयांवरून १०२१ हे वर्ष नेमके ठरले आहे. पॉलिनेशियाचे खलाशी आणि दक्षिण अमेरिकेतील लोक यांचा इ.स. १२०० च्या सुमारास संबंध आला होता, हे २०२० मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले, आणि पॅसिफिकमधील बेटांवर रताळे युरोपीयांच्या आधी कसे पोहोचले याचाही त्यातून उलगडा होतो. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सुरुई आणि कारितिआना या जमातींच्या जनुकांत एक अल्प अंश असा सापडतो, की ज्याचे नाते ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, पापुआतील लोक आणि आपल्या अंदमानातील ओंगे यांच्याशी जुळते. हे २०१५ पासून ज्ञात आहे, आणि ‘म्हणजे आपलीच माणसे तिथे गेली होती’ असे एखाद्याला वाटले तर त्याला मूर्ख म्हणण्याचे कारण नाही.

मात्र या तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर त्या कुणाच्या बाजूने साक्ष देतात? क्लोव्हिसचे मत कोसळले ते जमिनीच्या थरांतून निघालेल्या, वारंवार कालमापन झालेल्या वस्तूंमुळे. पर्यायी कल्पना अधिक आकर्षक होती म्हणून ते कोसळलेले नाही. ॲमेझॉनमधील तो जनुकीय अंश ब्राझीलमध्ये दहा हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातही मिळाला आहे, आणि त्याच्याशी नाते सांगणारा चाळीस हजार वर्षांपूर्वीचा एक मनुष्य चीनमध्ये, बीजिंगजवळच्या तिआनयुआन गुहेत सापडलेला आहे. म्हणजे हा वारसा पूर्व आशियात एके काळी राहणाऱ्या अतिप्राचीन लोकांचा आहे, आणि तो अमेरिकेत पोहोचला तेव्हा जगात कुठेही शेत नव्हते, शहर नव्हते, वेद नव्हते आणि भारत नावाची कल्पनाही नव्हती. अमेरिकेचे सर्वच मूळ रहिवासी आशियातून, सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंगच्या प्रदेशातून आले, म्हणून त्यांच्या संस्कृतीही आशियाच्याच, हा युक्तिवादही इथेच संपतो. जे अजून निर्माणच झालेले नाही, ते कुणी बरोबर कसे नेणार?

नॉर्स लोकांचे उदाहरण तर या दाव्याच्या थेट विरुद्ध जाते. न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे मूठभर माणसे थोडीच वर्षे राहिली, आणि तरीही त्यांच्या मागे लोखंड गाळल्याचा मळ, खिळे, सूत कातण्याची चकती आणि धातूच्या हत्याराने तासलेली लाकडे उरली. खरा संपर्क असा कचरा मागे ठेवतो. याचे याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रोमशी आपला व्यापार होता याचा निर्वाळा काही केवळ ग्रंथांवर अवलंबून नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, नेवाशाला रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली, आणि तिकडे इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पोंपेईत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, जिचे साम्य जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या हस्तिदंती कामाशी दाखवले गेले आहे. दोन्ही किनाऱ्यांवर दोन्हीकडच्या वस्तू मिळाव्यात, असा हा पुरावा असतो. ज्यांनी म्हणे एका अख्ख्या खंडाला देवालये, पंचांग आणि राज्यव्यवस्था शिकवली, त्यांचा एक मणी, एक नाणे, ब्राह्मीतील एक अक्षर त्या खंडाच्या एकाही थरात मिळू नये, हे कसे घडले?

पिकांचा प्रश्न मला याहूनही निर्णायक वाटतो, आणि मराठी माणसाला तो स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे राहून तपासता येतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा बनतो तो कसावा, ही सगळी अमेरिकेतील शेतकऱ्यांची निर्मिती आहे. आपल्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी घेतली तरी तिच्यातील साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा आणि हिरवी मिरची, सगळेच तिकडचे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत तिखटासाठी मिरी आहे, पिंपळी आहे, सुंठ आहे, मिरचीचा मात्र मागमूस नाही. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि पाहता पाहता देशभर पसरली. जे तिखट पोहोचल्यावर इतक्या वेगाने आपलेसे झाले, ते आपले पूर्वज दोन हजार वर्षे अमेरिकेला ये-जा करत असताना कुणीच कसे आणले नाही? आणि उलट दिशेने तांदूळ, गहू, ऊस, गाय, घोडा किंवा लोखंड यांपैकी काहीच तिकडे का पोहोचले नाही? चाकाची कल्पना मेक्सिकोतील लोकांना स्वतंत्रपणे सुचली होती, व्हेराक्रूझच्या परिसरात चाके असलेली मातीची खेळणी मिळाली आहेत, परंतु ओढणारे जनावर नसल्याने गाडी झाली नाही. एक बैलजोडी जरी तिथे उतरली असती तरी त्या खंडाचा इतिहास बदलला असता. रोगांचेही तसेच आहे. १५२० मध्ये मेक्सिकोत देवी आली आणि माणसे अक्षरशः घराघरांत मरून पडली, कारण त्या रोगाशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती. जुन्या जगाशी शतकानुशतके संबंध असता तर असे झाले नसते.

यावर होयसळांच्या सोमनाथपूर येथील तेराव्या शतकातील मंदिराकडे बोट दाखवले जाते. तिथल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, असे काही अभ्यासकांनी गांभीर्याने मांडले होते आणि छायाचित्रे पाहिली तर साम्य नाकारता येत नाही. परंतु मक्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनीच १९९३ मध्ये हा दावा तपासून फेटाळला. शिवाय मक्याची बुरकुंडे टिकाऊ असतात. मेक्सिकोच्या ओआहाकातील गुइला नाकित्झ या कोरड्या गुहेत ती सहा हजारांहून अधिक वर्षे टिकली आहेत. ज्या पिकाचा आकार कर्नाटकातील शिल्पकारांच्या हाती इतका बसला होता, ते पीक सोळाव्या शतकापूर्वीच्या भारतीय शेतातून, चुलीतून, कोठारातून आणि ग्रंथांतूनही गायब असावे, हे मान्य करण्यापेक्षा मूर्तीच्या हातात मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ आहे असे मानणे अधिक सयुक्तिक नाही का?

सारीपाटाची गोष्ट अधिक रंजक आहे. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मेक्सिकोतील पातोयी या खेळाची तुलना पचिसीशी केली आणि हा खेळ आशियातूनच तिकडे गेला असावा असे प्रतिपादन केले. पट फुलीच्या आकाराचा, इकडे कवड्या टाकायच्या, तिकडे खुणा केलेल्या बिया. युक्तिवाद खरोखर मोहात पाडणारा होता. पुढे काय झाले? पातोयीचे पट मेक्सिकोतील तेओतिहुआकान या प्राचीन नगराच्या आणि माया नगरांच्या गिलाव्याच्या जमिनींवर कोरलेले मिळू लागले, म्हणजे ते पहिल्या सहस्रकातील ठरले. आपल्याकडे फुलीच्या आकाराच्या पचिसीचा निःसंदिग्ध पुरावा फार उशिराचा आहे, फत्तेपूर सिक्रीच्या प्रांगणातील प्रसिद्ध पट तर सोळाव्या शतकाचा. महाभारतातील द्यूत बेहड्याच्या फळांनी खेळले जाई, त्याचा या पटाशी संबंध नाही. काळाचा हा क्रम पाहता साम्यावरून कर्ज सिद्ध करायचेच असेल, तर आपण घेणेकरी न राहता देणेकरी ठरू. हेच पुढे शून्यालाही लागू होते. माया लोकांची दीर्घगणना, म्हणजे दिवस मोजून तारीख लिहिण्याची पद्धत, विसाच्या पटीत चालते, पण तिच्या एका स्थानी अठराचा गुणक येतो, कारण वर्षाच्या जवळ जाणारा तीनशे साठ दिवसांचा गट त्यांना हवा होता. अशा स्थानमूल्याच्या तारखा इ.स.पू. पहिल्या शतकापासून दगडावर दिसतात आणि शून्याची स्पष्ट खूण इ.स. चौथ्या शतकातील शिलास्तंभांवर. आपले दशमान शून्य वेगळ्या गरजेतून, वेगळ्या रचनेत आले आणि ते साऱ्या जगाने स्वीकारले. त्याची थोरवी सांगायला माया लोकांचे शून्य आपल्या नावावर करण्याची काय गरज आहे?

पिरॅमिडांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. क्रेन आणि पोलाद नसताना उंच बांधायचे तर तळ रुंद आणि माथा निमुळता ठेवावाच लागतो, धान्याची रासही तशीच उभी राहते. तेओतिहुआकानचे पासष्ट मीटर उंचीचे सूर्यमंदिर उभे राहिले तेव्हा इजिप्तने राजांसाठी पिरॅमिड बांधणे सोडून दीड हजार वर्षे लोटली होती.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. ‘हे बांधकाम इथल्या लोकांना जमणे शक्य नाही’ या वाक्याला स्वतःचा एक इतिहास आहे. मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत मातीचे हजारो प्रचंड ढिगारे आहेत. काहोकियाचा मुख्य ढिगारा तीस मीटर उंच आहे आणि सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्याच्याभोवती मोठे नगर नांदत होते. लुइझियानातील वॉटसन ब्रेक तर पाच हजार वर्षांहून जुने आहे. एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या अमेरिकनांनी ठरवले की हे काम इंडियनांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, असूच शकत नाही, ते कुणा हरवलेल्या श्रेष्ठ वंशाचे आहे. कुणी इस्रायलच्या लुप्त टोळ्या सुचवल्या, कुणी फिनिशियन, कुणी अटलांटिस, आणि या याद्यांत हिंदूंचेही नाव असे. हा निरुपद्रवी कल्पनाविलास नव्हता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३० मध्ये, ज्या वर्षी मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा कायदा झाला त्याच वर्षी, काँग्रेसपुढे हाच दाखला दिला: त्या स्मारकांचा कर्ता प्रबळ वंश सध्याच्या रानटी टोळ्यांना जागा करून देत नाहीसा झाला, तर आता या टोळ्यांच्या नाहीसे होण्याबद्दल शोक कशाला? थोड्याच वर्षांत चेरोकी जमातीच्या लोकांना बंदुकीच्या धाकावर पश्चिमेला हाकण्यात आले आणि त्या वाटेवर हजारो जण मेले. पुरातत्त्व संशोधक सायरस थॉमस यांचा अहवाल १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ढिगारे इंडियनांच्याच पूर्वजांचे आहेत हे सिद्ध झाले, तेव्हा जमिनी जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. आफ्रिकेत ग्रेट झिंबाब्वेच्या बाबतीत नेमके हेच घडले. दगडी तटबंदी शेबाच्या राणीची किंवा फिनिशियनांची, पण तिथल्या शोना लोकांची नव्हे, हे मत ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या राजवटीने आपल्या शेवटापर्यंत जपले.

आणि हे आपल्याही वाट्याला आलेले आहे. सर विल्यम जोन्स यांचे १७८६ मधील कलकत्त्याचे व्याख्यान संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगितल्याबद्दल आपण कौतुकाने आठवतो. त्याच व्याख्यानात त्यांनी असेही म्हटले होते की इजिप्तचे पिरॅमिड उभारणाऱ्या कारागिरांनीच कान्हेरीची लेणी खोदली असावीत आणि भारतीय स्मारकांवरील अक्षरे काही अंशी भारतीय, तर काही अंशी इथिओपियाची दिसतात. मुंबईच्या उशाशी असलेल्या डोंगरातील शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांचे कर्ते म्हणून नाव घेतले गेले नाईलकाठच्या लोकांचे! जोन्स यांच्या मनात भारताविषयी द्वेष नव्हता, उलट प्रेमच होते. तरीही त्या वाक्याने कल्याण, सोपारा आणि नाशिकच्या ज्या व्यापाऱ्यांनी, गृहिणींनी आणि भिक्षुणींनी पदरमोड करून ती लेणी खोदवली, त्यांना इतिहासातून पुसले होते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, भिंतीवरचे लेख वाचता येऊ लागले, आणि त्या माणसांची नावे आणि गावे परत आली. जे आपल्या बाबतीत अन्यायाचे होते, ते आपण दुसऱ्याच्या बाबतीत प्रेमापोटी केले तर न्यायाचे ठरते काय? ‘माया आमचे भाऊ’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू जिव्हाळ्याचा असतो, हे मी मान्य करतो. पण ज्या नात्यात एक भाऊ कायमचा गुरू आणि दुसरा कायमचा शिष्य असतो, त्याला बंधुत्व म्हणता येणार नाही.

माया लोकांचे लेखही असेच मुके राहिले होते, आणि त्यांचे मुकेपण लादलेले होते. दिएगो दे लांदा या धर्मोपदेशकाने १५६२ मध्ये मेक्सिकोच्या युकातानमधील मानी गावी त्यांची हस्तलिखिते जाळली. आज जगभरात अवघ्या चार पोथ्या शिल्लक आहेत, त्यांपैकी ड्रेस्डेनच्या पोथीत शुक्राचे पाचशे चौऱ्याऐंशी दिवसांचे चक्र मांडलेले आहे. लिपी वाचता येत नव्हती तोवर कुणीही काहीही म्हणावे अशी स्थिती होती. पालेंके या माया नगरात १९५२ मध्ये सापडलेल्या शवपेटीच्या झाकणावरील पुरुष अंतराळवीर आहे, असेही म्हटले गेले. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी ही लिपी उच्चारानुसारी आहे हे दाखवले, १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांनी लेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू नोंदवलेले आहेत हे सिद्ध केले, आणि हळूहळू दगड बोलू लागले. ती शवपेटी पाकाल राजाची आहे, त्याने इ.स. ६१५ ते ६८३ असे राज्य केले, आणि पेटीच्या चारही बाजूंना फळझाडांतून उगवणारे जे स्त्री-पुरुष कोरले आहेत ते त्याचे आईबाप आणि पूर्वज आहेत, नावांसकट. आपली वंशावळ आपल्या हाताने लिहून ठेवलेल्या राजाला आपण आता कोणता परका वंश देणार आहोत?

‘लुप्त झालेली माया संस्कृती’ हा शब्दप्रयोग टवाळी करणारी बाजूही सर्रास वापरते, आणि तोही तितकाच घातक आहे. माया कुळातील सुमारे तीस भाषा आज लाखो लोक बोलतात. १९९२ चे नोबेल शांतता पारितोषिक ज्यांना मिळाले त्या रिगोबेर्ता मेंचू किचे माया आहेत. ग्वाटेमालातील यादवीत दोन लाखांच्या आसपास माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या नोंदीनुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. जे लोक हजारो वर्षांपूर्वीच संपले किंवा मुळात कर्तेच नव्हते असे जग मानते, त्यांच्या हत्येची बातमी कुणापर्यंत पोहोचणार? उत्तर अमेरिकेतही १९९६ मध्ये कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या केनेविक मानवाला कवटीवरून युरोपीय ठरवण्याचा प्रयत्न झाला. ‘हा आमचा पूर्वज आहे’ असे सांगणाऱ्या जमातींना न्यायालयात हार पत्करावी लागली. २०१५ मध्ये जनुकीय तपासणीने त्यांचेच म्हणणे खरे ठरवले, आणि २०१७ मध्ये त्यांनी त्याचे दफन केले. म्हणून ‘पाश्चात्त्य विद्वानांनी सांगितले’ एवढे उत्तर अपुरे आहे. या विषयात पाश्चात्त्य विद्वत्तेनेच सर्वाधिक काळ चुकीचे सांगितले, आणि ती सुधारली ती थरांच्या, लिपीच्या आणि जनुकांच्या पुराव्यापुढे नमावे लागल्यामुळे.

कुतूहल असणाऱ्याला तिथे खऱ्या प्रश्नांची उणीव नाही. मेक्सिकोच्या ग्वेरेरो प्रांतातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी तेओसिंते या गवताच्या जेमतेम दहाबारा टणक दाण्यांच्या तुऱ्यातून मका कसा निवडत आणला? पेरूच्या सुपे खोऱ्यातील कारालमध्ये, आपल्या हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीच्या काळात, मातीची भांडीही नसलेल्या समाजाने दगडी वास्तूंचे नगर कशाच्या बळावर उभारले? आणि सर्वांत विलक्षण प्रश्न किपूंचा. इंका राज्यकर्त्यांनी तीस हजार किलोमीटरच्या रस्त्यांचे साम्राज्य लिहिलेल्या अक्षराशिवाय, दोऱ्यांच्या गाठींवर चालवले. त्या गाठींत दशमान स्थानमूल्य असते आणि शून्याच्या जागी गाठ मारलेली नसते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी लेलंड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने उलगडले. परंतु काही किपूंतील गाठी संख्यांच्या नियमात बसत नाहीत. त्यांत नावे, हकिकती किंवा पत्रे असावीत, असा तर्क आहे. पेरूच्या डोंगराळ भागातील काही गावांनी असे किपू आजवर जपून ठेवले आहेत, आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम संशोधक त्या गावकऱ्यांच्या सोबतीने, त्यांच्या आठवणी विचारत, आता करत आहेत.